जुन्या ट्रॅक्टरला फ्रंट लोडर : हायड्रॉलिक पंपाच्या जोडणीचे तंत्र आणि मर्यादा

महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत माती उकरणाऱ्या कोणत्याही पिवळ्या यंत्राला 'जेसीबी' असेच म्हटले जाते. हे नाव मुळात एका ब्रिटिश कंपनीचे आहे. १९७९ मध्ये एस्कॉर्ट्स या भारतीय उद्योगसमूहाशी भागीदारी करून या कंपनीने दिल्लीलगतच्या बल्लभगड येथे आपल्या भारतातील उत्पादनाचा पाया घातला. माती, शेण, वाळू, चारा यांसारखा सुटा माल उचलून ट्रॉलीत भरणे हे कष्टाचे आणि वेळखाऊ काम अशा यंत्रांमुळे काही मिनिटांत होऊ लागले. मात्र त्यांची किंमत ट्रॅक्टरच्या किमतीच्या कित्येक पट असल्याने लहान शेतकरी, गोशाळा किंवा दुग्धव्यावसायिक यांना ती परवडत नाहीत. यावर निघालेला मार्ग म्हणजे हाताशी असलेल्या ट्रॅक्टरच्या पुढील बाजूस दोन भुजा आणि बकेट बसविणे. यालाच फ्रंट लोडर असे म्हणतात.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात या साधनाची गरज विशेष जाणवते. दिल्लीतील गाझीपूर, भलस्वा, गोयला यांसारख्या डेअरी वसाहतींमध्ये रोजच्या रोज शेण उचलावे लागते. हरियाणातील पानिपत आणि कर्नाल हे भाताचे जिल्हे याच क्षेत्रात मोडतात. पानिपत येथे इंडियन ऑइलच्या दुसऱ्या पिढीच्या इथेनॉल प्रकल्पाचे १० ऑगस्ट २०२२ रोजी लोकार्पण झाले. भाताचा पेंढा हाच या प्रकल्पाचा कच्चा माल असल्याने पेंढ्याच्या गाठी बांधणे, उचलणे आणि वाहून नेणे या कामांनाही महत्त्व आले आहे. नवा ट्रॅक्टर घेण्याची ऐपत नसलेला मालक साहजिकच जुन्या ट्रॅक्टरलाच लोडर बसविण्याचा विचार करतो. अशा वेळी पहिला प्रश्न पुढे येतो तो हायड्रॉलिक पंपाचा. पंप कोठे बसवावा, त्यास गती कोठून द्यावी आणि तो किती दाबाने चालवावा, या प्रश्नांच्या उत्तरांवर यंत्राचे कामच नव्हे, तर चालकाचे प्राणही अवलंबून असतात.

फरीदाबादचा वारसा

भारतीय ट्रॅक्टर उद्योगाच्या इतिहासात फरीदाबादचे स्थान मानाचे आहे. आयशरचा पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी येथील कारखान्यातून बाहेर पडला. त्यानंतरच्या दशकात एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुस कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने येथेच ट्रॅक्टरनिर्मिती सुरू केली आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी फोर्ड कंपनीच्या सहकार्याने फोर्ड ३००० हे मॉडेल आणले. हरितक्रांतीच्या काळात उत्तर भारताच्या शेतीला यांत्रिक बळ पुरविण्यात या कारखान्यांचा मोठा वाटा होता.

त्या पिढीतील ट्रॅक्टरची रचना समजून घेणे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने आवश्यक आहे. हॅरी फर्ग्युसन यांनी विकसित केलेली तीन-बिंदू जोडणी १९३६ च्या फर्ग्युसन-ब्राऊन आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन या ट्रॅक्टरांमुळे जगभर पोहोचली. या पद्धतीत नांगर ट्रॅक्टरच्या मागे दोन खालच्या आणि एका वरच्या दांड्यावर तोलला जातो. नांगराच्या ओढीचा भार मागील चाकांवर येऊन त्यांची जमिनीवरील पकड वाढते. म्हणूनच हलक्या ट्रॅक्टरनेही खोल नांगरट शक्य झाली. थोडक्यात, शेतीच्या ट्रॅक्टरचे बळ मागे असते आणि त्याची हायड्रॉलिक यंत्रणाही मागचे अवजार उचलण्यासाठीच आखलेली असते. फ्रंट लोडर मात्र आपला सारा भार पुढे टाकतो. पुढे येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या विरोधात आहे.

द्रवचलित शक्तीचे गणित

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, हा सिद्धांत सतराव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कल यांनी मांडला. १७९५ मध्ये जोसेफ ब्रामा यांनी इंग्लंडमध्ये जलदाबयंत्राचे पेटंट घेऊन त्यास व्यावहारिक रूप दिले. ट्रॅक्टरवरील लोडर याच तत्त्वावर चालतो. पंप तेल ढकलतो, ते तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि पिस्टन पुढे सरकून भुजा वर उचलतो.

येथे दोन राशींमधील भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. पंप दर मिनिटास किती लिटर तेल देतो यावर भुजेचा वेग ठरतो. भुजेचे बळ मात्र तेलाच्या दाबावर आणि पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरते. लोडर संथ चालत असेल तर दाब वाढवून उपयोग होत नाही आणि बळ कमी पडत असेल तर केवळ मोठा पंप बसवून प्रश्न सुटत नाही. जुन्या ट्रॅक्टरवरील जोडणीत या दोहोंची गल्लत वारंवार होते.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. लोडरला ६० मिलिमीटर व्यासाचे दोन सिलिंडर असून पिस्टनचा प्रवास ६० सेंटिमीटर आहे, असे मानू. प्रत्येक पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस सेंटिमीटर भरते. भुजा पूर्ण उचलण्यासाठी दोन्ही सिलिंडर मिळून सुमारे ३.४ लिटर तेल लागते. पंप मिनिटास १२ लिटर तेल देत असल्यास या क्रियेला १७ सेकंद लागतील. मिनिटास ३० लिटर मिळाल्यास हेच काम सुमारे ७ सेकंदांत होईल. दिवसभरात शेकडो वेळा भुजा वर-खाली करावयाची असल्यास हा फरक मोठा ठरतो.

बळाचा हिशेब वेगळा आहे. १५० बार दाबाला दोन्ही सिलिंडर मिळून सुमारे साडेआठ टनांचे बळ निर्माण होते. परंतु सिलिंडर भुजेच्या खुंटीजवळ जोडलेले असतात आणि बकेट दूर टोकाला असते. हे प्रमाण आठास एक असे धरल्यास बकेटपाशी सुमारे एक टन बळ उरते व त्यातूनच भुजा आणि बकेट यांचे स्वतःचे वजनही उचलावे लागते.

यासाठी लागणारी शक्ती काढण्याचे सूत्र सोपे आहे. बारमधील दाबाला मिनिटागणिक लिटरमधील प्रवाहाने गुणून ६०० ने भागले असता किलोवॅटमधील शक्ती मिळते. १५० बार आणि ३० लिटर या प्रमाणात ती ७.५ किलोवॅट येते. पंपातील घट धरता इंजिनाकडून सुमारे १२ अश्वशक्ती घ्यावी लागते. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला एवढी शक्ती अधूनमधून देणे अवघड नाही. जुन्या ट्रॅक्टरमध्ये उणीव भासते ती इंजिनाच्या ताकदीपेक्षा तेलाच्या प्रवाहाची.

मूळ पंप अपुरा का पडतो ?

त्या पिढीतील अनेक ट्रॅक्टरांचा मूळ पंप मागील तीन-बिंदू जोडणी उचलण्यापुरता, म्हणजे लहान असतो. नांगर उचलायला काही सेकंद अधिक लागले तरी बिघडत नाही. लोडरला मात्र प्रवाह सतत आणि भरपूर हवा असतो. फर्ग्युसन पद्धतीच्या ट्रॅक्टरांत हा पंप गिअरबॉक्सच्या पोटात असतो आणि त्याला पीटीओच्या दांड्याकडून गती मिळते. एकच क्लच असलेल्या मॉडेलमध्ये क्लच दाबताच पंपही थांबतो. भरलेली बकेट ट्रॉलीवर नेताना चालकाला क्लच दाबून ट्रॅक्टर हळूहळू पुढे घ्यावा लागतो. नेमक्या त्याच क्षणी भुजा जागीच थबकते.

दुसरी अडचण तेलाची. अनेक जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचे आणि हायड्रॉलिकचे तेल एकच असते. लोडरचे सिलिंडर भरले की गिअरबॉक्समधील तेलाची पातळी तेवढी खाली जाते. उलटपक्षी, लोडरच्या नळ्यांतून आलेली धूळ आणि लोखंडाचा कीस थेट गिअर आणि बेअरिंगपर्यंत पोहोचतो. दिल्ली परिसरातील कोरड्या, धुळीच्या हवेत हा धोका दुर्लक्षिण्याजोगा नाही. म्हणूनच लोडरसाठी स्वतंत्र पंप, स्वतंत्र टाकी आणि स्वतंत्र तेल ठेवणे अधिक श्रेयस्कर ठरते.

स्वतंत्र पंपाचे दोन मार्ग

पहिला मार्ग म्हणजे मागील पीटीओ दांड्यावर पंप बसविणे. ही जोडणी सोपी असून ट्रॅक्टरमध्ये कायमचा बदल करावा लागत नाही. परंतु पीटीओची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे एवढीच असते. प्रत्येक फेऱ्याला २० घन सेंटिमीटर तेल देणारा सामान्य गिअर पंप या गतीला ११ लिटरही देत नाही. त्यामुळे एक तर ५५ घन सेंटिमीटरच्या आसपासचा मोठा पंप घ्यावा लागतो किंवा गती तिप्पट करणारी गिअरपेटी मध्ये बसवावी लागते. तिप्पट गतीला तोच लहान पंप मिनिटास सुमारे ३२ लिटर तेल देऊ शकतो. पंपाचे आवरण दांड्याबरोबर फिरू नये यासाठी ते एका पट्टीने ट्रॅक्टरला घट्ट अडकवावे लागते. एकच क्लच असलेल्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबल्यावर पंप थांबण्याची अडचण मात्र येथेही कायम राहते.

दुसरा मार्ग म्हणजे इंजिनाच्या पुढील टोकाला, क्रँकशाफ्टच्या पुलीवर जोडतुकडा बसवून तेथून दांड्याने पंप फिरविणे. येथे क्लचचा संबंध उरत नाही. इंजिन सुरू असेतोवर तेल मिळत राहते. मिनिटाला १५०० फेऱ्यांना २० घन सेंटिमीटरचा पंप ३० लिटर तेल देतो. मंद चालीत, सुमारे ७०० फेऱ्यांना, तोच पंप १४ लिटरांवर येतो. लोडरचे काम करताना इंजिनाची गती थोडी वाढती ठेवावी लागते, त्याचे कारण हेच. पुली आणि पंप यांचे मध्य तंतोतंत एका रेषेत असावे लागतात. थोडाही तिरपेपणा राहिल्यास पंपाचे तेलरोधक आणि बेअरिंग लवकर निकामी होतात, तसेच क्रँकशाफ्टवरही अनावश्यक ताण येतो.

दोन्ही मार्गांत पंपाची फिरण्याची दिशा तपासणे अनिवार्य आहे. पीटीओचा दांडा ट्रॅक्टरच्या मागे उभे राहून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतो. त्याला समोरून जोडलेला पंप स्वतःच्या दांड्याच्या बाजूने पाहिला असता उलट दिशेने फिरतो. दिशा चुकलेला गिअर पंप तेल ओढत नाही आणि पुष्कळदा त्याचे तेलरोधक पहिल्याच दिवशी फुटते.

तेलाचा मार्ग

गिअर पंपाचा स्वभाव असा की, फिरतेवेळी तो तेल ढकलणारच. पुढील वाट बंद असली तर दाब वाढत जाऊन नळी, सिलिंडर अथवा पंप यांपैकी सर्वांत कमजोर भाग फुटतो. म्हणून पंपानंतर लगेच रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरलेल्या दाबाला तेल टाकीकडे परत सोडणारी झडप, असलीच पाहिजे. तिच्याशिवाय पंप क्षणभरही चालवू नये. चालकाच्या हाताशी असणारी नियंत्रण झडप मध्यस्थितीत तेल टाकीकडे मोकळे सोडणारी हवी. अन्यथा काम नसतानाही तेल दाबाखाली फिरत राहून तापते.

टाकीतून पंपाकडे येणारी नळी रुंद आणि आखूड असावी. ती अरुंद असल्यास तेलात पोकळ बुडबुडे निर्माण होतात, पंप कर्कश आवाज करू लागतो आणि त्याचे पृष्ठभाग झिजतात. सर्व सिलिंडर पूर्ण उघडले तरी तेलाची पातळी पंपाच्या नळीच्या वरच राहील एवढी टाकी मोठी असावी. परतीच्या वाटेवर गाळणी आणि टाकीच्या झाकणावर धूळ अडविणारी जाळी बसविल्यास यंत्रणेचे आयुष्य वाढते.

खरी मर्यादा पुढच्या आसाची

पंप उत्तम बसला, दाबही पुरेसा मिळाला, तरी किती वजन उचलावे याचा निर्णय पंपावर सोपविता येत नाही. १७०० किलो वजनाचा, १.९ मीटर चाकांतर असलेला दोनचाकी ओढीचा ट्रॅक्टर घेऊ. त्याच्या पुढच्या आसावर ६८० आणि मागच्या आसावर १०२० किलो भार आहे असे मानू. बकेटमध्ये ६०० किलो माल असून तो पुढच्या आसाच्या १.२ मीटर पुढे आहे. तरफेच्या नियमानुसार पुढच्या आसावरील भार ६०० ने नव्हे, तर सुमारे ९८० किलोने वाढून १६६० किलो होतो. मागच्या आसावरील भार सुमारे ३८० किलोने घटून ६४० वर येतो. लोडरच्या सांगाड्याचे वजन याशिवाय.

याचे परिणाम दुहेरी आहेत. हलका भार गृहीत धरून बनविलेला पुढचा आस, त्याच्या खुंट्या, बेअरिंग आणि टायर अडीचपट ताणाखाली येतात. मागे चाकांची पकड सुटते. जुन्या ट्रॅक्टरांचे ब्रेक बहुधा केवळ मागील चाकांनाच असतात. त्यामुळे मागचा भार घटला की ब्रेकचा प्रभावही घटतो. उतारावर भरलेली बकेट वर धरून वळताना ट्रॅक्टर कलंडण्याचा धोका उद्भवतो तो यातूनच.

यावरील उपाय म्हणजे मागे प्रतिभार लावणे. मागच्या आसाच्या ०.९ मीटर मागे ४०० किलोचा ठोकळा टांगल्यास पुढचा भार सुमारे १४७० किलोपर्यंत उतरतो आणि मागचा १२३० पर्यंत चढतो. तरीही पुढच्या आसावर मूळच्या दुपटीहून अधिक भार राहतोच. म्हणूनच आसाला पेलेल तेवढेच वजन उचलले जाईल, अशा बेताने रिलीफ व्हॉल्व्हचा दाब दाबमापक लावून कमी ठेवावा. वरील लोडरचा दाब १५० ऐवजी ११० बार ठेवल्यास बकेटपाशी मिळणारे बळ एक टनाऐवजी पाऊण टनाच्या आसपास येते. माल उचलला जात नाही म्हणून झडपेचा स्क्रू आवळण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. वस्तुतः ती झडप पंपाबरोबरच आसाचे आणि चालकाचेही संरक्षण करीत असते.

अशा ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चौकट नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागील आसाचे बिडाचे आवरण एकमेकांना जोडूनच त्याचा कणा तयार होतो. लोडरचा सांगाडा इंजिनाच्या पुढील भागावर लटकविल्यास हे बीड तडकू शकते. सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मागील आसाच्या आवरणापर्यंत नेऊन तेथे बोल्टने आवळणे हीच योग्य पद्धत होय.

चालकाची सुरक्षितता

उच्च दाबाच्या नळीला सुईएवढे छिद्र पडले तरी त्यातून निघणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरू शकते. जखम वरून टोचल्यासारखी क्षुल्लक दिसते. परंतु तातडीने शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. म्हणून गळती कधीही हाताने चाचपू नये, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून ती शोधावी. नळी उघडण्यापूर्वी बकेट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे आणि नियंत्रणाचे दांडे हलवून उरलेला दाब मोकळा करावा. उचललेल्या भुजेखाली कोणीही जाऊ नये. भरलेली बकेट नेताना ती जमिनीलगत ठेवावी आणि पीटीओच्या फिरत्या दांड्यावर संरक्षक आवरण असावे.

कायदा आणि धोरण

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मधील निकालात सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे कायमस्वरूपी जोडणी करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाकडे चौकशी करणे हिताचे आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही यावर अवलंबून राहू शकतो.

राजधानी क्षेत्रात वयाचा प्रश्नही आहे. दहा वर्षांवरील डिझेल वाहनांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केले. २०२५ मध्ये न्यायालयाने या विषयावर पुन्हा आदेश दिले. जुन्या ट्रॅक्टरवर खर्च करण्याआधी त्या ट्रॅक्टरला लागू असलेली ताजी स्थिती मालकाने जाणून घेतली पाहिजे. नव्या यंत्रांसाठीही निकष कडक झाले आहेत. बांधकाम यंत्रांना एप्रिल २०२१ पासून, तर ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून चौथ्या टप्प्याचे उत्सर्जन निकष लागू झाले.

दुसरीकडे, २०१४-१५ पासूनच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाने भाडेतत्त्वावर अवजारे देणाऱ्या केंद्रांना चालना दिली. पंजाब, हरियाणा, उत्तर प्रदेश आणि दिल्ली येथे २०१८-१९ मध्ये पीक अवशेष व्यवस्थापनाची स्वतंत्र योजना सुरू झाली. मध्य प्रदेशातील बुदनी आणि हरियाणातील हिसार येथील केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या घेतात. त्यांच्या अहवालांत हायड्रॉलिक यंत्रणेची क्षमता, आसांवरील भार अशी माहिती दिलेली असते. जुन्या मॉडेलचा अहवाल मिळाल्यास पंप आणि दाब अंदाजाने ठरविण्याची गरज उरत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधील ट्रॅक्टर मेकॅनिक अभ्यासक्रमातून बाहेर पडणाऱ्या तरुणांनी असे हिशेब गावपातळीवर करून दिल्यास तो एक उपयुक्त स्वयंरोजगारही ठरू शकेल.

समारोप

यांत्रिकीकरणाची चर्चा बहुधा विक्रीच्या आकड्यांभोवती फिरते. परंतु भारतीय शेतीत एक ट्रॅक्टर कित्येक दशके आणि अनेक हातांखाली राबतो. त्याला नवे काम देणे हा साधनसंपत्तीचा काटकसरीचा वापर होय. पंपाचा प्रवाह वेग ठरवितो, दाब बळ ठरवितो आणि त्या बळाची सीमा पुढचा आस ठरवितो. हा क्रम ध्यानात ठेवून केलेली जोडणी लहान मालकाच्या मिळकतीत भर घालील. तो डावलून केलेली जोडणी मात्र एखाद्या उतारावर त्याची किंमत वसूल केल्याशिवाय राहणार नाही.